हिमग्रहाची राणी, भाग तिसरा

१ फेब्रुवारी, शनिवार. सकाळ.

संकल्प. टीव्हीवरचे ते स्वस्तातले विज्ञानपट आजपासून बंद. कायमचे. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हे शोभत नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी पंधरा तारखेला पालकांसमोर 'वैज्ञानिक दृष्टिकोन' या विषयावर बोलायला सांगितलंय. अशा माणसाने शनिवारी दुपारी परग्रहावरचे खेकडे बघत बसायचं? छे!

ता.क. आवडीने बघतो असं मुळीच नाही. चुका टिपायला बघतो. त्यावर एक लेखमाला लिहायची आहे. डोक्यात तयार आहे.

त्याच दिवशी. संध्याकाळ.

गेलो होतो. पण ते अप्पांसाठी. अप्पा म्हणजे माझे सासरे. निवृत्त सर्व्हेअर, दोन गल्ल्या पलीकडे एकटे राहतात. शनिवारी त्यांच्याकडे जायलाच हवं असा हिचा, म्हणजे बायकोचा, हट्ट. (हे मी कुणाला समजावून सांगतोय? सवय, दुसरं काय.) आता त्यांनी टीव्ही लावलेलाच असला तर मी काय डोळ्यांवर पट्टी बांधून बसू?

'मृत्युग्रहाचे खेकडे' होता. यानाचा कंट्रोल पॅनेल म्हणजे चक्क स्वयंपाकघरातला ओव्हन. कप्तानाची खुर्ची सलूनमधली. हेल्मेटं मोटरसायकलची, एकावर स्टिकर तसाच. डबिंग करणारा एकच इसम असावा, कारण कप्तान, खेकडा आणि कप्तानाची आई तिघांचा आवाज एकच. निर्वात पोकळीत स्फोट झाला आणि तो धडाम् असा ऐकू आला! मी लगेच अप्पांना सांगितलं की निर्वातात ध्वनी प्रवास करत नाही. मागच्या शनिवारीही सांगितलं होतं. पाया पक्का झालेला बरा.

अप्पांसारखा श्रोता शोधून सापडणार नाही. त्यांना ऐकू कमी येतं, कानात यंत्र असतं. पण मी समजवायला लागलो की त्यांचा हात हळूच कानाकडे जातो. माझा एखादा शब्द निसटू नये म्हणून यंत्र नीट बसवत असावेत. मग टीपॉयवरची छोटी डबी उघडतात आणि टक् करून बंद करतात. पेपरमिंट असणार. मला कधी देत नाहीत, पण वयोमानाप्रमाणे माणूस विसरतो. त्यानंतर पिक्चर संपेपर्यंत योग्य जागी मान हलवतात. वर्गात एवढी मान कुणी हलवत नाही. घरी तर विचारूच नका.

५ फेब्रुवारी, बुधवार.

स्टाफरूममध्ये अशा पिक्चरांवर सडकून टीका केली. ओव्हनचा मुद्दा सगळ्यांना पटला. चित्रकलेच्या बाईंनी विचारलं की एवढं बारीक तुम्हाला कसं माहीत. म्हटलं, ऐकून. त्या गालात हसल्या. कलावंत माणसं, त्यांना विज्ञानातलं काय कळणार.

८ फेब्रुवारी, शनिवार.

आजचा शेवटचा. खरोखर शेवटचा नव्हे, कारण 'हिमग्रहाची राणी' तीन भागांत आहे. पहिला भाग गेल्याच महिन्यात अप्पांबरोबर पाहिला होता, आज दुसरा झाला आणि तिसरा पुढच्या शनिवारी. काम अर्धवट टाकायचा माझा स्वभाव नाही.

राणीच्या पाठीवर झगझगीत चेन दिसते. बर्फ म्हणजे थर्माकोल, कप्तानाच्या मिशीला चिकटून राहतो, वितळायचं नावच घेत नाही. गुहा तर खेकड्यांचीच, तोच दगड, तोच डाग. हे सगळं मी अप्पांना दाखवून दिलं. पण एक कबूल करतो, इथे वाचणारं कोण आहे. राणी कप्तानाला म्हणते की तू परत गेलास तर माझा ग्रह पुन्हा गोठेल, आणि कप्तान ओव्हनपाशी उभा राहून नुसतं बटण फिरवत राहतो, तेव्हा मला चष्मा काढून पुसावा लागला. ते लपवायला मी द्रवणांकाबद्दल बोललो. जरा जास्तच बोललो.

अप्पा शांतपणे मान हलवत होते. परत येताना वाटलं, या जगात माझं बोलणं ऐकून घेणारा एवढा एकच माणूस आहे. आईवडील गेले, पोरगी हॉस्टेलला, वर्गातली मुलं खिडकीबाहेर बघतात. देवाने सासरे दिले ते बरं केलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार.

घोटाळा! माझं भाषण आणि तिसरा भाग एकाच वेळी. मुख्याध्यापिकाबाईंना तारीख बदलायला सुचवलं. त्यांनी कारण विचारलं. पाठदुखी म्हटलं. त्यांनी बसून बोलायची परवानगी दिली.

अप्पांना फोन केला. रविवारी सकाळी पुनःप्रक्षेपण असतं, तेव्हा आपण दोघं मिळून बघू, तोवर तुम्ही एकट्याने बघू नका, अशी गळ घातली. अप्पा म्हणाले की जावईबापू, तुम्ही निवांत भाषण करा, राणी कुठे पळून जात नाही. वचनच म्हणायचं ते. शब्दाचा माणूस.

१५ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळ.

डोकं ठिकाणावर नाही. तरी क्रमाने लिहितो.

भाषण. पालक मुलांच्या मार्कांसाठी आले होते, मी त्यांच्या आणि मार्कांच्या मध्ये उभा. उदाहरणं म्हणून खेकडे, ओव्हन, थर्माकोल सांगितलं तर सगळे एकदम सावरून बसले. पेनं बाहेर आली. मला वाटलं, जिंकलं! शेवटी एका आईने विचारलं की हे कुठल्या चॅनेलवर लागतं. मी बेसावधपणे सांगून बसलो. सगळ्यांनी लिहून घेतलं. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की पाठ खरंच दुखायला लागली.

लवकर सुटलो म्हणून वाटेत सहज अप्पांकडे डोकावलो. (वाट उलट्या दिशेला आहे. असो.) दार उघडं. आतून हसण्याचा गडगडाट. माझ्या खुर्चीत, माझ्या उशीला टेकून, साडू! हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. गाद्यांचं दुकान आहे त्याचं, त्यामुळे जिथे बसेल तिथे पसरतो. समोर हिमग्रहाची राणी. तिसरा भाग, शेवटची गुहा. आणि अप्पा! डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. मग राणी बोलायला लागली तसे गप्प झाले, पुढे सरकून बसले. डबी टीपॉयवर उघडी आणि रिकामी. यंत्र कानात.

मी म्हटलं, अप्पा, हे काय? तर अप्पांनी वळून न बघता मला बोटाने गप्प बसवलं. मला!

चहा न घेता निघालो. त्यांनी विचारलाही नव्हता. पाठीत खंजीर खुपसणं म्हणतात ते हेच. आणि तोही गादीवाल्याला हाताशी धरून.

१६ फेब्रुवारी, रविवार.

पुनःप्रक्षेपण. हिने कपड्यांना इस्त्री करता करता टीव्ही लावला आणि मला हाक मारली. तत्त्वाचा प्रश्न आहे, मी बाहेर फिरायला गेलो. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आलो, पुन्हा गेलो. घरात शिरलो तेव्हा ही रुमालाने डोळे पुसत होती. शेवटी काय झालं ते मी विचारलं नाही. तिने सांगितलंही नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.

अप्पांचा फोन. घेतला नाही. वाजू दिला. वाजायचा थांबला तेव्हा वाईट वाटलं, अजून थोडा वाजायला हरकत नव्हती.

१९ फेब्रुवारी, बुधवार.

हिच्यापाशी मन मोकळं केलं. म्हटलं, तुझ्या वडिलांनी मला फसवलं. ती जेवण वाढता वाढता थांबली आणि तिने डाव खाली ठेवला. मग जे म्हणाली ते जसंच्या तसं उतरवतो, कारण माझा अजून विश्वास बसत नाहीये.

अप्पांना ते पिक्चर मनापासून आवडतात. आधीपासून. पण मी बोलायला लागलो की काही म्हणजे काही ऐकू येत नाही. मला थांबवणं त्यांच्या जिवावर येतं, मोठ्या जावयाला कसं दुखवायचं. म्हणून ते यंत्र काढून डबीत ठेवतात आणि नुसती चित्रं बघतात. राणीचे दोन्ही भाग असे मुक्यानेच पाहिले. निदान शेवट तरी ऐकायला मिळावा, म्हणून त्यांनी मी भाषणाला जाणार हे बघून साडूला बोलावून घेतलं. साडू बडबडत नाही, नुसता हसतो.

मी विचारलं की मग मान का हलवायचे. ही म्हणाली, तुम्ही त्यांच्याकडे बघायचात म्हणून.

पेपरमिंट नव्हतंच.

२२ फेब्रुवारी, शनिवार.

गेलो नाही. घरीच 'लोहमानवाचा मेंदू' लावला. लोहमानव म्हणजे पत्र्याचे डबे, चालताना एक निखळून पडला. मी म्हटलं, बघा! खोलीत कुणी नव्हतं. आतल्या खोलीचं दार हिने आतून लोटून घेतलं. उरलेला पिक्चर मी गप्प बसून पाहिला. एकट्याने गप्प बसायलाही मजा येत नाही. रडू आलं. पिक्चरमुळे नव्हे.

२६ फेब्रुवारी, बुधवार.

अप्पांचा पुन्हा फोन. पहिल्याच रिंगला घेतला, योगायोगाने हात तिथेच होता. अप्पा म्हणाले की शनिवारी या, खुर्ची रिकामी बरी दिसत नाही. डबीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. मोठ्या मनाने माफ केलं.

नवा संकल्प. पिक्चरभर एक शब्द बोलायचा नाही. माणसाने ठरवलं तर काय अशक्य आहे? शिवाय एक काम आहे. राणीचा शेवट मला अजून कळलेला नाही. हिला विचारणं कमीपणाचं. अप्पांनी तो नीट ऐकलाय. या वेळी त्यांनी सांगायचं आणि मी ऐकायचं. पिक्चर संपला की विचारीन.

१ मार्च, शनिवार. संध्याकाळ.

यंत्र कानात होतं. जाताच पाहिलं. अप्पांनी माझी उशी झटकून ठेवली होती. बरं वाटलं, फार बरं वाटलं.

'दोन सूर्यांचे शहर' सुरू झाला. यानाला दोरी बांधलेली दिसत होती, गप्प बसलो. पोकळीत धडाम् झालं, गप्प बसलो. रुमाल दातांत धरला. अप्पा एकदा माझ्याकडे बघून हसले. किती दिवसांनी.

मग ती गुहा आली. तोच दगड, तोच डाग! गुहेच्या तोंडाशी, वर दोन सूर्य असूनही सगळ्यांची सावली एकच. एकच! माणूस किती सहन करणार? मी म्हटलं, अप्पा, फक्त एकच गोष्ट सांगतो. सावलीपासून सुरुवात केली, मग प्रकाशाचा उगम, मग ओघाने ग्रहणं आली. ग्रहणं आली की चंद्राच्या कलांना टाळता येत नाही.

मध्येच टक् असा आवाज झाला.

मी थांबलो. अप्पा टीव्हीकडे बघत होते. डबी बंद होती.

आता बोलून काही उपयोग नव्हता आणि न बोलूनही. पिक्चर संपेपर्यंत वाट बघायला हवी होती, ते सुचलंच नाही. मी हळू आवाजात विचारलं की अप्पा, राणी शेवटी कप्तानाला काय म्हणाली हो?

अप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.