बिरदेव टेंगले शहाणा ठरल्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक साहेब,
मनोविकार विभाग, शासकीय रुग्णालय

अर्जदार : आकाराम मायाप्पा टेंगले, रा. कुरणवाडी, ता. जत, जि. सांगली

विषय : माझा भाऊ बिरदेव यास शहाणा ठरविणारा अहवाल मागे घेऊन शिक्षेच्या सुनावणीआधी फेरतपासणी मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या विभागाने कोर्टास दिलेला अहवाल (वकिलांकडून मिळालेली प्रत सोबत).

महोदय,

वरील विषयास अनुसरून लिहितो की, मी पाण्याच्या टँकरवर चालक आहे. वस्तीला टँकर मिळावा म्हणून दर उन्हाळ्यात अर्ज मीच लिहितो, त्यामुळे या भाषेवर हात बसलेला आहे. टँकर उशिरा का होईना, येतो. त्या भरवशावर हा अर्ज करीत आहे.

१. गेल्या वर्षी आमची मेंढरं पलूसकडे एका बागायतदाराच्या रानात खतासाठी बसवली होती. दिवेलागणीला आमची आई हरणाबाई डोक्यावरून घोंगडं घेऊन, वाकून, कोकरं कोंडायला वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात शिरली. बिरदेवला तो लांडगा दिसला. त्याने काठी घातली. आई जागेवरच गेली. कोर्टाने त्यास सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी धरले असून येत्या सोमवारी शिक्षा ठरणार आहे. त्याआधी त्याच्या मनाची अवस्था कळावी म्हणून कोर्टाने आपला अहवाल मागविला. आजारी ठरला तर शिक्षेत सवलत आणि उपचार, शहाणा ठरला तर जन्म तुरुंगात, असे वकिलांचे म्हणणे आहे.

२. बिरदेवचं डोकं फिरतं हे आमच्या वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण आमच्यात अशा माणसाला दवाखान्यात नेत नाहीत, कळपामागे चालता ठेवतात. चालला की तो निवतो. आई त्याच्या मागोमाग चालायची, खायला घालायची, रात्री त्याच्या पायाला आपल्या पदराची गाठ मारून निजायची. तोच त्याचा दवाखाना. त्याची पावती कुणी देत नाही. ग्रामसेवकांकडे गेलो तर म्हणाले, जन्माचा दाखला देतो, मृत्यूचा देतो, रहिवासाचा देतो, वेडाचा नमुना आमच्याकडे नाही. अहवालात 'आजाराचा पूर्वेतिहास नाही' असे छापून आले.

३. तपासणीवेळी मी दाराशी उभा होतो. डॉक्टरसाहेबांनी पहिला प्रश्न केला, मेंढरं किती? आमच्यात कळपाचा आकडा परक्याला सांगत नाहीत, नजर लागते. बिरदेव म्हणाला, "बिरोबाला ठावं." अहवाल : 'माहिती हेतुपुरस्सर लपवितो. स्वतःचा फायदा-तोटा समजतो.' मग साहेबांनी राघूच्या चोचीसारख्या नाकाच्या माडग्याळी मेंढ्याचे भाव विचारले, सासऱ्यांना एक घ्यायचा होता म्हणे. तपासणीचा निम्मा वेळ त्यातच गेला. बिरदेवने मनापासून सल्ला दिला, "सायेब, नाकाला भुलू नगासा, दात बगा." अहवाल : 'निर्णयक्षमता उत्तम.' साहेब, मेंढरांच्या बाबतीत तो कधीच वेडा नव्हता. वेड त्याला माणसांच्या बाबतीत आहे, आणि माणसांबद्दल त्याला शेवटी दोनच प्रश्न विचारले गेले.

४. पहिला, काठी घातलीस का? "व्हय. लांडगा हुता. परत आला तर परत घालीन." अहवाल : 'कृत्याची पूर्ण जाणीव. पश्चात्ताप नाही. पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता.' दुसरा, घरी कोण असतं? "आई हाय की. भाकरी घिऊन येनार हाय, तिचीच वाट बगतूय." अहवाल : 'आई हयात, भेटीस येते. कौटुंबिक जिव्हाळा चांगला. स्मरणशक्ती शाबूत.' मी दारातूनच ओरडलो, "आवं सायेब, तीच तर मेलीया!" पोलिसाने माझा दंड धरला. साहेब वर न बघता म्हणाले, नातेवाइकांनी मध्ये बोलू नये. कोर्टाचा कागद त्यांच्या पुढ्यातच होता. त्यात मयताच्या नावापुढे 'आरोपीची आई' असे स्वच्छ लिहिलेले आहे. बहुधा मेंढ्याच्या नादात तो उघडायचा राहिला.

५. मला भावाचा राग नाही असे कृपया समजू नये. आई माझीही होती. तिला मी आपल्याच शवागारातून ताब्यात घेतले आहे. पाहुणेरावळे तोंडावर विचारतात, आईला मारणाऱ्यासाठी कशाला उंबरे झिजवतोस? पण आई जर कशीबशी वाचली असती, तर डोक्याला पट्टी बांधून तीच आपल्या दारात येऊन बसली असती आणि लेकराला घेतल्याशिवाय उठली नसती. ती नाही म्हणून मी आलो आहे. तुरुंगात चालायला रान नाही आणि मागे चालायला आई नाही. तिथे तो किती दिवस टिकेल हे मला कोणत्याही डॉक्टरने सांगायची गरज नाही.

तरी सोमवारच्या आत फेरतपासणी करून तसा अहवाल कोर्टास पाठवावा. तपासणीत मेंढ्याचा विषय काढू नये. डॉक्टरसाहेबांच्या सासऱ्यांना चांगला मेंढा मी स्वतः बघून देईन.

फेरतपासणी होणार नसेल तर एवढे लेखी कळवावे. आईच्या शवविच्छेदनाचा कागद आणि बिरदेवचा हा अहवाल, दोन्हींवर आपल्याच रुग्णालयाचा गोल शिक्का आहे. एकात ती मेली आहे, दुसऱ्यात हयात आहे. यातला कोणता खरा धरावा? दुसरा खरा असेल तर सोमवारी भाकरी बांधून तिला कोर्टात घेऊन येतो. तो वाट बघतो आहे.

मयताचा मुलगा व आरोपीचा भाऊ,
आपला नम्र,
आकाराम मायाप्पा टेंगले

दि. ९ जानेवारी २०२५

सोबत :
१) बिरदेव शहाणा असल्याचा अहवाल
२) आई नसल्याचा अहवाल