हिरवा तोडलेला ऊस

लंबासा, २१ सप्टेंबर

चि. सुभाषनी,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व कुशल. तुझ्या वहिनीच्या वांग्यांना यंदा बहर आला आहे आणि ती रोज मला खावी लागताहेत. याउपर तक्रार नाही. अक्षर वाकडं आलं आहे, त्याचं कारण पुढे येईल.

तुझं पत्र पोचलं. 'रोशिकाचं धावणं ताबडतोब बंद करा, नाहीतर डिसेंबरात येऊन मी तिला ऑकलंडला नेते,' हे वाक्य तू दोनदा अधोरेखित केलं आहेस. एकदा केलं असतंस तरी मी घाबरलो असतो. पोर तुझी, निर्णयही तुझाच. पण आधी शुक्रवारची हकीकत ऐक.

शाळेच्या शर्यती होत्या. नर्सबाईंनी लिहून दिलेला कागद आपल्या फ्रिजवर चिकटवला आहे: सकाळ-संध्याकाळचं औषध न चुकता, धावण्याआधी दम्याचा निळा पंप, मग सावकाश अंग गरम करायचं, आणि घरघर लागली की थांबायचं. अंग गरम करायला तुझी वहिनी तिच्यासोबत मैदानाला दोन फेऱ्या घालते, गमबूट चढवून. पंप माझ्या गळ्यात, दोरीला बांधून, जानव्याच्या सोबतीला. आमच्या ऊसतोड टोळीचा सरदार एपेली म्हणाला, "पंडितजी, पूजा सांगण्याआधी तुम्हीही दोनदा ओढा. मंत्र तरी एका दमात होतील."

आठशे मीटरमध्ये रोशिका चौथी आली. शेवटच्या वळणावर ती थांबली. छातीवर हात ठेवून घरघर आहे का ते स्वतःच पाहिलं, माझ्याकडे बघून 'पंप नको' अशी मान हलवली आणि पुन्हा निघाली. पाचवी आलेली मुलगी नंतर तिला म्हणाली, "तू थांबलीस तेव्हा मला वाटलं, आता गाठते हिला."

"मलाही तेच वाटलं," रोशिका म्हणाली.

आता तिच्या जुलैतल्या दम्याच्या झटक्याविषयी. तेव्हा मी लिहिलं होतं, 'हवेत धूर होता.' वाक्य निर्दोष आहे. न्यायशास्त्रात पहिल्याच दिवशी शिकवतात की जिथे धूर तिथे अग्नी. अग्नी कुणी लावला, हे विचारत नाहीत. त्या सोयीचा मी लाभ घेतला.

अग्नी मी लावला होता, सुभाषनी. पेटवलेला ऊस लवकर नासतो, म्हणून कारखाना तो ताटकळत न ठेवता पाळीआधी घेतो, हे तुला सांगायला नको. माझ्या तोडणीची पाळी तीन आठवड्यांवर होती आणि तेवढा धीर मला धरवला नाही. वारा शाळेकडे वळेल आणि मैदानावर ती सराव करत असेल, हे माझ्या पंचांगात नव्हतं. पंप घरी राहिला होता. तुझी वहिनी तो घेऊन उसाच्या खोडव्यातून अनवाणी धावली. गमबूट त्यानंतर आले. पंप माझ्या गळ्यात आला तोही त्यानंतरच.

रोशिकाला हे ठाऊक आहे. तिनेच बजावलं, "मामा, आईला तूच सांग. मी सांगितलं तर ती तुला ओरडेल. तू सांगितलंस तर थोडं कमी ओरडेल."

उरलेला ऊस आम्ही न पेटवता हिरवाच तोडतो आहोत. पात्यांनी हात चिरतात, टोळी कुरकुरते, म्हणून मीही कोयता घेतो. वाकड्या अक्षराचं कारण ते. एपेलीने शेजारच्या शेतकऱ्यांनाही सांगून ठेवलं आहे, "पेटवायचं तर आदल्या दिवशी कळवा." त्या दिवशी पोर घरात राहते आणि वहिनीशी पत्त्यांत लबाडी करते.

तेव्हा बंद करण्याजोगं जे होतं, ते मी बंद केलं आहे. तू डिसेंबरात जरूर ये. आधी तिच्याबरोबर मैदानाला दोन फेऱ्या घाल, मग काय ते ठरव. वहिनीचे गमबूट तुझ्या मापाचे आहेत.

ओरडायचं ते मला ओरड, तिला नको.

तुझा, जुलैपासून काडेपेटी बायकोच्या स्वाधीन केलेला,
भाऊ विद्यानंद