तीन तारे म्हणजे फर्स्ट क्लास

बाई,

शिवणाच्या तासाला खिडकीजवळच्या बाकावर बसायची ती मी. दोन वेण्या, रिबिनी नेहमी मळलेल्या. तुम्हाला जाऊन वीस-बावीस वर्षं तरी झाली असतील. नर्मदेच्या ग्वारीघाटावर तुमच्या अस्थी सोडल्या त्या दिवशी आपल्या वर्गातल्या झाडून सगळ्या आल्या होत्या, मी नव्हते. घरी पाहुणे आहेत असं मी सांगितलं. पाहुणे होतेच, पण ते काही न येण्याचं कारण नव्हतं. कारण पुढे लिहीन, धीर झाला तर. आज लिहायला बसले ते वेगळ्याच घोळामुळे. डोकं पार गरगरून राहिलं आहे आणि विचारावं असं दुसरं कोणी मला सुचत नाही.

आधी सांगते की मी काय करते. मी बाळंतविडे शिवते. झबली, टोपडी, दुपटी, कुंची, लंगोट आणि जुन्या सुती लुगड्यांची एक मऊ गोधडी, असा सगळा संच. सुरुवात भाचीच्या बाळापासून झाली, मग मंडळातल्या बायका सांगू लागल्या. यांची खाजगी नोकरी होती, पेन्शन नाही. मुलापुढे हात पसरायचा नाही हे आम्ही दोघांनी ठरवलेलं. तेव्हा महाराजपुरातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकलं आणि हौशीचं काम पोटाचं झालं. पण आपली मराठी माणसं इथे जबलपुरात किती, आणि त्यांच्याकडे बाळं तरी वर्षाला किती होणार? मागच्या दिवाळीनंतर दोन महिने मशीनवर नुसती चादर होती. हे एकदा म्हणाले, "आता काय, बाहुल्यांचे शिवते का?" गंमत केली त्यांनी. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मग सुनेने मनावर घेतलं. सून हिंदी घरातली, मराठी सगळं कळतं, बोलताना मात्र दोन शब्दांनंतर अडते. दर रविवारी अधारतालहून येते. म्हणाली, "मम्मीजी, एक पैसा नहीं लगेगा, बस मेरा कहा मानिए।" खिडकीपाशी पाट मांडून त्यावर कुंची ठेवली, फोटो काढले. फोनवर रोज सकाळी एक फोटो टाकायचा, सगळे ओळखीचे बघतात. मी काज करताना नुसत्या हातांचा छोटा व्हिडिओ केला, तोंड दाखवायचं नाही या अटीवर. आणि फोनच्या नकाशावर आमचं घर दुकान म्हणून लावलं, तेही फुकट. बाई, मला खोटं वाटलं होतं. पण पहिल्या आठवड्यात एक परकी मुलगी पत्ता शोधत दारात उभी, पोट पुढे, हातात फोन. "आंटी, वो टोपी वाला सेट आपका ही है ना?" मला इतका आनंद झाला की मी तिला आधी बसवून पोहेच खाऊ घातले.

आता खरा घोळ. सून म्हणाली की नकाशावर लोक तारे देतात, एकापासून पाचपर्यंत. तारे जास्त तर गिऱ्हाईक जास्त. "अपनी सहेलियों से लिखवाइए।" मी म्हटलं, त्यात काय, आपल्या वर्गाचा फोनवर ग्रुप आहे, अठ्ठावीस जणी आहेत. सगळ्यांनीच माझ्याकडून नातवंडांसाठी कधी ना कधी काही नेलेलं आहे. ग्रुपवर टाकलं, मैत्रिणींनो, मला तारे द्या आणि दोन शब्द लिहा. चार दिवसांत सगळ्यांनी दिले, हो, काम सांगितलं की करायचं ही तुमचीच शिस्त. आणि काय दिले? तीन. चार. तीन. तीन. एकीने लिहिलं, दुपटे मऊ आहे, टोपड्याची नाडी अर्धा इंच आखूड, एकूण समाधानकारक. एकीने चार देऊन लिहिलं की पाचवा हातचा राखला आहे. आणि आपल्यातली जी पुढे मुख्याध्यापिका झाली, गेल्याच वर्षी निवृत्त झाली, तिने तीन तारे देऊन खाली लिहिलं, काम नीटनेटके, रंगसंगती बरी, प्रगतीस वाव आहे.

सुनेने ते वाचलं आणि कपाळाला हात लावला. "ये सहेलियाँ हैं आपकी? मम्मीजी, दुश्मन भी इतना नहीं गिराता।" मला काही समजेना. मी एकीला फोन लावला, म्हटलं, काहून गं, तीन काहून दिले? ती उलट माझ्यावरच चिडली. "अगं, पाचापैकी तीन म्हणजे साठ टक्के! फर्स्ट क्लास दिला तुला, आणि तू भांडून राहिली?" तिचं बरोबरच होतं ना बाई? आपल्या हिशोबाने बरोबरच होतं. तुमच्या हाताखाली शिकलेल्या अठ्ठावीस जणींनी प्रामाणिकपणे तपासून गुण दिले आणि अवघ्या जबलपुरात माझं दुकान सगळ्यात टाकाऊ ठरलं. कोपऱ्यावरच्या समोसेवाल्याला पावणेपाच तारे आहेत. त्याच्या तेलाचा रंग तुम्ही पाहायला हवा.

हसू येतं, पण तेव्हा आलं नव्हतं. त्याच आठवड्यात मी छावणीतल्या सदर बाजारात गेले होते. तिथे लहान मुलांच्या कपड्यांचं एक दुकान आहे, फौजी घरातल्या बायका तिथेच येतात. मालकीणबाईंनी माझा संच हातात घेतला, गालाला लावला, म्हणाल्या, "दीदी, काम तो बहुत सुंदर है।" दर महिन्याला बारा संच घेईन म्हणाल्या. बारा! मी मनातल्या मनात मशीनला तेल घालून मोकळी. मग त्यांनी फोन काढला. बघता बघता चेहरा बदलला. "दीदी, मेरी कस्टमर तो पहले यही देखती है। इतने कम में मैं कैसे रखूँ? पंद्रह दिन देती हूँ, ठीक करवा लीजिए।" ऑटोत बसून घरी येईपर्यंत मला तुमचा राग येत होता. त्यांचा नाही, मैत्रिणींचा नाही, तुमचा.

शिवणाच्या तासाचा तो दिवस तुम्हाला आठवायचं कारण नाही. मी पिवळं झबलं शिवलं आहे, पुढे कमळ काढलं आहे, वर्गात सगळ्या वा वा करताहेत. तुम्ही कमळाकडे बघतच नाही. झबलं उलटं करता, आतली शिवण माझ्या गालावर घासता, जोराने. "टोचतंय? मग बाळाला काय होईल? उसव." सगळं उसवायला लावलंत. दुसऱ्यांदा आणलं तेव्हा दहापैकी सात. तिसऱ्या खेपेला आठ. मी धिटाई करून विचारलं, बाई, दहा काहून नाही? तुम्ही चष्म्यावरून बघून म्हणालात, "दहा दिले की माणूस शिवणं थांबवतं." वर्गात कुणालाच कधी दिले नाहीत. आम्हाला वाटायचं, बाईंच्या पेनात दहा लिहायची शाईच नाही.

आणि घाटावर न येण्याचं कारण. माझा मुलगा झाला तेव्हा तुम्ही आमच्या घरी आला होतात, डिंकाचे लाडू घेऊन. बाळाच्या अंगावर मी शिवलेली कुंची होती. सातव्या महिन्यापासून शिवत होते, कुणासाठी म्हणून विचाराल तर बाळासाठी कमी आणि तुमच्यासाठी जास्त. तुम्ही ती हळूच काढलीत, उलटून पाहिलीत, कडेवरून बोट फिरवलंत. मी श्वास धरून बसले होते. तुम्ही घडी घातलीत, ठेवलीत, आणि म्हणालात, "बाळ गोड आहे हो." बस. चहा प्यालात आणि गेलात. एक शब्द, बाई. नुसतं बरी आहे म्हणाला असतात तरी चाललं असतं. तो राग अजून आहे माझ्या मनात. इतकी वर्षं मी ती कुंची मनात उलटीपालटी करून बघते आणि मला त्यात चूक सापडत नाही.

पंधरा दिवसांतले दहा गेले. सुनेने मजकूर लिहून दिला, कृपया पाच तारे करा. मी एकेकीला फोन केले. काही जणींनी लगेच केले, काही म्हणाल्या बघू. सगळ्यांची नजर मुख्याध्यापिकेकडे, ती करेल तर आम्ही करू. तिला फोन केला. ती म्हणाली, "मी बत्तीस वर्षांत कुणाला पैकीच्या पैकी दिले नाहीत गं, तुला कसे देऊ?" मी म्हटलं, हे शाळेचं नाही, बाजाराचं आहे. "बाजाराचं असलं म्हणून काय झालं? बरं, एक सांग. बाईंनी तुला दिले असते?"

आणि मी म्हणाले, "दिले होते."

कुठून आलं तोंडात, मला खरंच माहीत नाही. तिने विचारलं, "कधी?" मी सगळं सांगितलं, कुंचीचं, लाडवांचं, बोट फिरवल्याचं. फक्त शेवट बदलला. म्हटलं, बाई म्हणाल्या, आज दहापैकी दहा. पलीकडून तिच्या नाक ओढण्याचा आवाज आला. "मला सातच्या वर कधी नाही दिले गं," ती म्हणाली. साठ वर्षांची बाई, निम्म्या शहराची मुलं तिच्या हाताखालून गेली, आणि सातच्या वर दिले नाहीत म्हणून रडते! तुम्ही काय करून ठेवलं होतं आम्हाला, बाई?

तासाभरात तिचे पाच झाले. खाली नवीन लिहिलं, आमच्या बाईंनी हिच्या शिवणीला पैकीच्या पैकी गुण दिले होते, याहून अधिक काय लिहावे. मग बाकीच्या धडाधड. सुनेला ती ओळ एवढी आवडली की तिने हिंदीत करून फोटोंच्या वर लावली, आता रोज सकाळी ती सगळ्यांना दिसते. सदरच्या बाईंनी वाचून फोन केला. "दीदी, ऐसी टीचर आजकल कहाँ मिलती हैं।" बारा संच गेले. दुसरे बारा मशीनवर आहेत. हे आता गिऱ्हाइकांना स्वतःच दार उघडतात, कोण कुठून आलं विचारतात, खूश असतात. आणि मला कळत नाही की मी काय केलं. माल खरा आहे. शिवण आजही गालावर घासून बघितल्याशिवाय मी पाठवत नाही. खोटं फक्त तुमचं तोंड. मग हे पाप म्हणायचं की जाहिरात? सुनेला आडून विचारलं, म्हटलं, जाहिरातीत थोडं इकडचं तिकडे चालतं का? ती म्हणाली, "अरे मम्मीजी, सब यही करते हैं।" त्याने तर मी जास्तच गोंधळले.

परवा मुख्याध्यापिका घरी आली. पहिल्यांदाच. मुलीला दिवस गेलेत, म्हणून स्वतः एक दुपटं शिवून आणलं होतं. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि मग तिने ते पिशवीतून काढून माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, "तुला बाईंचं कळतं. खरं सांग, किती दिले असते?" चेष्टा करत नव्हती. तेव्हाच सांगायला हवं होतं. जिभेवर आलं होतं, की अगं, मला काही दिले नव्हते, मी खोटं बोलले, तू आणि मी एकाच बाकावर आहोत. दुपटं मी चारही कडांनी पाहिलं. चांगलं होतं, एका कोपऱ्यात थोडी ओढ होती, म्हाताऱ्या हातांची. मी म्हटलं, "नऊ." तिचा चेहरा इतका उजळला, बाई. "नऊ? खरंच?" दोनदा विचारलं. जाताना फाटकापाशी वळून म्हणाली की आज रात्री झोप लागेल. तुमच्या नावावर मी हे दुसरं खोटं बोलले की पहिल्यांदाच खरं बोलले, ते मला सांगता येईना. नऊ मी मनापासून दिले होते.

हे पत्र मी तुमच्या मुलाच्या पत्त्यावर टाकू शकते, त्याचा पत्ता ग्रुपवर आहे. टाकणार नाही. तो भला माणूस आहे, वाचून मुख्याध्यापिकेला फोन करेल. तिचे नऊ जातील, माझे दहा जातील, आणि मग तारेही. तुम्ही असता तर मला म्हणाला असतात, उसव. मी उसवणार नाही, बाई. सदरहून काल निरोप आला, पुढच्या महिन्यात वीस हवेत, आणि मी हो म्हणून बसले आहे.