सात मैलांवरची चांदमारी

शिंदे की छावनी, लश्कर (ग्वाल्हेर)
कार्तिक शुद्ध १२, शके १८५६ (नोव्हेंबर १९३४)

ती. सौ. शांताताईस धाकट्या महिपतचा शि. सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी पहाटे मी चारला उठलो. आंघोळ केली, पूजा केली, विष्णुसहस्रनाम म्हटलं, बुटांना तेल लावलं आणि रायफल घ्यायला देवघरात गेलो. तिच्या नळीच्या तोंडात झेंडूचं फूल खोचलेलं होतं. सौ. विजयानं आदल्या संध्याकाळी वाहिलेलं. मी फुलाकडे पाहिलं, देवाला हात जोडले, बाहेर येऊन बूट चढवले, दाराबाहेरच्या थंडीकडे पाहिलं आणि बुटांसकट पांघरुणात शिरलो. खोटं कशाला सांगू, ताई, फार बरं वाटलं. आठ वाजता उठलो तेव्हा मात्र मन खट्टू झालं ते अजून तसंच आहे.

तुला ठाऊकच आहे, आमची चांदमारी, म्हणजे निशाणावर गोळ्या झाडायचं मैदान, छावणीच्या मागेच होती. कचेरीतून यायचं, चहा प्यायचा, रायफल खांद्याला लावायची आणि दहा मिनिटांत मैदानावर. वीस वर्षं आठवड्यातून चार संध्याकाळी मी तिथं गेलो आणि आपल्याला नेमबाजीचं वेड आहे असं समजत आलो. श्रावणात त्या जागेवर नवी घरं बांधायचं ठरलं आणि चांदमारी झाशीच्या रस्त्याला सात मैलांवर गेली. आता आम्हा नागरिकांची पाळी फक्त रविवारी, सकाळी सात ते नऊ. पहिल्या रविवारी आमच्या मंडळातले चौदाचे चौदा गेले. दुसऱ्या रविवारी नऊ, मग चार. परवा दोघे होते, त्यातले एक मागच्या खेपेला विसरलेला डबा आणायला गेले होते. सदाशिवरावांचा गुडघा म्हणे दुखतो. रोज संध्याकाळी नई सडकेवर फिरताना तो दुखत नाही.

रायफल देवघरात का, तर खंडेनवमीला पूजेला मांडली होती. आमच्या मंडळाचा रिवाज असा की दसऱ्याला उत्तरपूजा करून शस्त्र उचलायचं, सीमोल्लंघन म्हणून चांदमारीवर न्यायचं, पाच गोळ्या झाडायच्या आणि मग सोनं लुटायचं. यंदा सात मैल कोण जाणार? सोनं चौकातच लुटलं आणि गोळ्या रविवारवर टाकल्या. सीमोल्लंघन नाही म्हणून मी उत्तरपूजाही केली नाही. त्याला महिना होत आला. रायफल देवांच्या पंक्तीला बसली आहे आणि रोज हळदकुंकू घेते आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. चांदमारीवरून मंडळाला पत्र आलंय. भोगीच्या रविवारी बारा माणसांनी गोळ्या झाडून हजेरीत सह्या केल्या नाहीत तर नागरिकांची पाळी कायमची बंद. आमचे दौलतसिंह, फौजेतले जुने सुभेदार, ज्यांनी मला रायफल धरायला शिकवलं, ते पत्र खिशात घेऊन घरोघर फिरताहेत. सगळे त्यांना चहा पाजतात आणि पोटाच्या तक्रारी सांगतात. येत्या चैत्रात मला पन्नास पुरी होतील. पाळी बंद झाली तर पुन्हा कधी रायफल खांद्याला लागेल असं वाटत नाही. पण मग मनात येतं, जे वेड सात मैल चालत नाही ते वेड होतं का?

भावजींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ चांदमारीसारखा लांब नेऊ नये, एवढंच मागणं.

तुझा
महिपत

*

इंदूर
कार्तिक वद्य ६

चि. महिपतरावास शांताताईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र इकडे वाचून दाखवलं. बुटांसकट पांघरुणात शिरलास इथवर आले आणि इकडून जे हसणं सुरू झालं ते जेवणाची पानं मांडली तरी थांबेना. आता आम्हाला एवढंच कळव की रायफलीची आरती कोणती म्हणता आणि नैवेद्य कोरडा लागतो की पुरणाचा.

आपल्या गावचा माळा आठवतो का? जोंधळ्यात मचाणावर उभे राहून आपण गोफणीनं पाखरं हाकायचो. माझा दगड तुझ्यापेक्षा लांब जायचा, हे तू कोणाला सांगत नसशील, म्हणून मी आठवण देते. परसाचं दार उघडलं की शेत. तू दिवसभर माळ्यावर. मास्तर शाळेतून बोलवायला यायचे, इतकं तुला गोफणीचं वेड. पुढे अप्पांनी नदीपलीकडचं शेत केलं आणि तिथली राखण तुझ्याकडे दिली, तर रोज सकाळी तुझं पोट दुखायला लागलं. आईनं ओव्याचा अख्खा डबा संपवला तुझ्यावर. तेव्हा मन तपासत बसू नकोस, रस्ता तपास.

आणि तूच एकटा असा नाहीस. आम्ही या घरात राहायला आलो तेव्हापासून गणपतीचं देऊळ भिंतीला भिंत लागून आहे. मी दोन्ही वेळा आरतीला असते. आळीत माझी थोर भक्तीण म्हणून ख्याती झाली आहे. जुन्या घरी असताना मी संकष्टीलाही जेमतेम जायची. गणपतीला हे ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही.

विजयाला आशीर्वाद. तुझ्या पायांना चालण्याची बुद्धी होवो.

तुझी
शांताताई

*

शिंदे की छावनी, लश्कर
मार्गशीर्ष शुद्ध १०

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र देवापुढे ठेवावं म्हणून देवघरात गेलो तर तिथं जागा नव्हती. रायफलीपुढे चार नारळ होते. झालं असं की शेजारच्या लीलाताईंची म्हैस हरवली. त्या आमच्याकडे हळदीकुंकवाला आल्या होत्या, जाताना सहज रायफलीला हात जोडून गेल्या. संध्याकाळी म्हैस आपल्या पायांनी घरी आली. दुसऱ्या दिवसापासून छावणीतल्या बायका रीघ लावून येताहेत. ही भवानीचं शस्त्र आहे असं ठरलंय. मी हळूच म्हटलं की हे शस्त्र मी चोवीस साली एका निवृत्त कप्तानाकडून घेतलं. त्यावर विजया म्हणाली की देवीला कोणाच्या हातून यायचं ते तीच ठरवते.

रायफल तेल लावायला तरी द्या म्हणालो, तर उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवता येणार नाही असं उत्तर मिळालं. आमचे भटजी गोपाळकृष्ण यांना विचारायला गेलो. त्यांनी डोळे मिटून बराच विचार केला आणि निर्णय दिला. पूजेला बसलेलं शस्त्र सीमोल्लंघनासाठीच उठतं. ज्या दिवशी उत्तरपूजा त्याच दिवशी धन्यानं स्वतः ते शिवेपलीकडे न्यावं आणि निशाणावर चालवावं. वाटेत माघारी फिरलं तर पुन्हा पुढच्या दसऱ्यापर्यंत आसन. म्हणजे ताई, मला एकच संधी आहे, आणि ती भोगीच्या रविवारची.

तू रस्ता तपास म्हणालीस, तो तपासला. पायी जावं तर पहाटे तीनला निघावं लागतं आणि पोचल्यावर हात थरथरतात. तांगेवाले त्या वाटेला येत नाहीत, कारण येताना सवारी मिळत नाही. राहता राहिली सायकल. तेव्हा तुझा भाऊ पन्नाशीच्या उंबऱ्यावर सायकल शिकतो आहे.

जागा कोणती, तर जुन्या चांदमारीचंच मैदान. जिथं निशाणं होती तिथं आता वाळूचे ढीग आहेत आणि माझा नेम अजून पक्का आहे, एकही ढीग चुकत नाही. दौलतसिंह मागून सीट धरून धावतात आणि ओरडतात, “पहिये को मत देखो, महिपतराव, सामने देखो!” मी समोर पाहतो, रामरक्षा म्हणतो आणि वाळूत जातो. पहिल्या दिवशी गवंडी काम सोडून बघायला आले. तिसऱ्या दिवशी मंडळातले सहाजण चबुतऱ्यावर बसून हसत होते. पाचव्या दिवशी सदाशिवरावांनी, गुडघ्याचं नाव न काढता, मला एक चक्कर मारू द्या म्हणून विचारलं. तेही वाळूत गेले. आम्ही दोघं तिथंच पडून इतके हसलो की दौलतसिंहांना आम्हाला उठवता येईना.

पण अजून शंभर पावलांपुढे जात नाही, आणि भोगीला महिना उरलाय. रात्रंदिवस तेच डोक्यात.

माझ्या हाडांसाठी तुझ्या गणपतीला सांग. तू जवळ राहतेस, तुझं ऐकेल.

तुझा
महिपत

*

इंदूर
मार्गशीर्ष वद्य ३

चि. महिपतरावास अनेक आशीर्वाद वि. वि.

गणपतीला सांगितलं. हाडांचं तो बघेल म्हणतो, सायकलीचं त्याला काही समजत नाही, त्याचं वाहन वेगळं.

हसून झालं. आता मोठी बहीण म्हणून एक विचारते. तुला गोळ्या झाडायच्या आहेत, की झाडतो म्हणून सांगायचं आहे? सांगायचंच असेल तर रायफल देवघरात छान आहे, बायका नारळ आणतात, तुला खोबरं मिळतं. झाडायच्या असतील तर भोगीच्या एका दिवसानं भागणार नाही. त्या दिवशी मेळ्याला जावं तसे सगळे जातील. त्याच्या पुढच्या रविवारी कोण जाईल ते बघ.

सोबत तिळाच्या वड्या पाठवल्या आहेत. कडक झाल्या आहेत, काडतुसं कमी पडली तर वापर.

तुझी
शांताताई

*

झाशीचा रस्ता, सहाव्या मैलाजवळ
माघ शुद्ध ६

ती. सौ. ताईस महिपतचा सा. न. वि. वि.

पत्राच्या माथ्यावरचा पत्ता बघून दचकू नकोस. सगळं ओळीनं सांगतो.

भोगीच्या पहाटे उत्तरपूजा केली. अक्षता वाहून रायफल हलवली तेव्हा विजयाचे डोळे भरून आले. मग पदर खोचून ती म्हणाली की देवी निघाली तर मीही येते. दारात पाहतो तर लीलाताई आणि आठ बायका वाणाची सुगडं घेऊन उभ्या. जायला यायला इतक्या सवाऱ्या मिळाल्यावर तांगेवाले धावत आले. आम्ही सात सायकली पुढे, तीन तांगे मागे, असे निघालो. मी वाटेत तीनदाच पडलो, आणि तिन्ही वेळा पुढच्याच दिशेला, म्हणून भटजींचा नियम मोडला नाही. सदाशिवराव तांग्यात बायकांत बसून आले आणि सबंध वाट त्यांना नेम कसा धरावा ते शिकवत होते.

मैदानावर मोजणी झाली. अकरा. एकांची उज्जैनीला बदली झालेली, एक लग्नाला गेलेले, एक आदल्या दिवशी सायकलवरून पडून घरी. हजेरी घेणारे जमादार म्हणाले, बारा लिहिलेत, बाराच लागतील. दौलतसिंहांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. वीस वर्षांत मी त्यांना उघड्या डोक्यानं पाहिलं नव्हतं.

तेव्हा विजया पुढे आली. मला वाटलं प्रसाद वाटते आहे. ती जमादारांना म्हणाली, “तीन महिने हिची पूजा मी केली. पाच गोळ्यांतली एक माझी.”

जमादारांनी नियमांचा कागद उलटून पालटून पाहिला. त्यात माणसं असं लिहिलेलं होतं, पुरुष असं नव्हतं. मी तिला पोटावर निजायला सांगितलं, दस्ता खांद्याला कसा दाबायचा ते दाखवलं. तिनं देवीचं नाव घेतलं आणि घोडा ओढला. खंदकातल्या माणसानं लाल झेंडा हलवला की गोळी वाया. आम्ही झेंड्याची वाट पाहत राहिलो. झेंडा नाही. बऱ्याच वेळानं निशाणी वर आली, ती शेजारच्या, दौलतसिंहांच्या फळीवर, आणि अगदी मधोमध. दौलतसिंह म्हणाले की ती गोळी त्यांचीच. विजया म्हणाली की त्यांनी तर अजून रायफलच भरलेली नाही. बायका इतक्या हसल्या की सुगडातले हरभरे सांडले. बारावी सही तिची झाली, मोडीत, चांगल्या ठसठशीत अक्षरात. पाळी राहिली. दौलतसिंहांनी पागोटं बांधलं आणि मला मिठी मारली.

पुढच्या रविवारी आम्ही पाच होतो. तू म्हणालीस तसंच. त्याच्या पुढच्या रविवारी मी स्वतः जागा होतो, ताई, आणि पांघरुणात होतो, आणि तुझा प्रश्न छातीवर बसला होता. मला झाडायच्याच आहेत, हे त्या पहाटे पक्कं कळलं. आणि हेही कळलं की मी आहे तो असा आहे. जवळ असलं तर करीन, लांब असलं तर पोट दुखेल. देवानंही मला असाच सांभाळलाय, मी कोटेश्वराच्या देवळात वर्षातून एकदा जातो म्हणून तो रोज माझ्या देवघरात येऊन बसतो.

कचेरीला मात्र मी वीस वर्षांत एकदाही पोट दुखतं म्हणून राहिलो नाही. तिथं न जाऊन चालत नाही. मग मनात आलं, ज्यावाचून सुटका नाही ते लांब असलं तरी माणूस जातोच. जे केलं नाही तरी कोणी विचारत नाही, ते दाराशी हवं. आपण सगळं उलटं मांडून बसलो होतो.

इथं रस्त्याच्या मुकादमाचं घर रिकामं होतं. विजयाला दाखवलं. तिनं विहीर पाहिली, तुळशीची जागा पाहिली, आणि अट घातली की दर रविवारी एक गोळी तिची. पौष सरण्याची वाट पाहिली. काल वसंत पंचमीचा दिवस धरून देव, चूल आणि तुळस इकडे आणली. आज पहाटे सहा मैल सायकल मारून कचेरीला गेलो आणि आलो. एकदाच पडलो. ओट्यावरून दोन शेतांपलीकडे चांदमारीची फळी दिसते. दौलतसिंह शनिवारी मुक्कामालाच येणार म्हणून त्यांचं अंथरूण आधीच येऊन पडलंय.

भावजींना घेऊन ये, आणि गोफण विसरू नकोस, इथं जोंधळा उभा आहे. आमच्यावरचा लोभ या नव्या पत्त्यावर पाठवीत जावा.

रायफल आता देवघरात नाही ठेवली. दाराआडच्या खुंटीला टांगली आहे, बुटांच्या वर, हात लांब न करता मिळेल अशी.

तुझा
महिपत