साठावा फॉर्म

तेलगाव,
४ डिसेंबर २०२४

चि. तेजश्री हिस,
आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडं सगळी खुशाल, तुमी खुशाल असाल अशी आशा.

पोरी, फोनवर मला काय बोलावं ते सुचतच न्हाई. फोन आमच्या मालकांच्या, म्हंजे तुझ्या दादांच्या खिशात, अन् स्पीकर लावल्याबिगर त्यांना ऐकू येत न्हाई. आपलं मायलेकीचं बोलणं सगळ्या गल्लीला कशाला? त्यापेक्षा पत्र बरं. आठवीपर्यंत शिकलेली अक्षरं गंजून चालली होती, तुझ्यामुळं कामाला लागली. चुकलं तर हसू नको, तू आता एमेस्सीवाली.

तुमी तिघी मैत्रिणी अभ्यासाच्या कामाला पंधरा दिवस राहून गेल्या अन् घर लई सुनं झालं. तरन्नुमला सांग, परवा धपाटे केलते, पण खायला ती न्हवती. अशी खाणारी पोरगी असली की करणारीचे हात दुखत न्हाईत. ती स्वप्ना मात्र चिमणीवानी खाती. शिकायचं आहारशास्त्र अन् आपणच वाळून चाललीय! तुमच्या कॉलेजच्या मॅडम दोन दिवस होत्या, त्यांना माझं पिठलं तिखट लागलं का, ते तू अजून सांगितलं न्हाईस.

अंगणवाडीच्या विमलबाई रोज विचारतात की गावातल्या साठ बायांच्या बोटातून पोरीनं रक्त काढलं, त्याचं पुढं काय झालं. मी सांगते, थांबा, लिहिणं चाललंय.

कापसाची वेचणी चालू हाय. माझे पाय जरा जड पडतात अन् बांध चढला की दम लागतो. वयाचं हाय, दुसरं काय न्हाई. तू जेवणाची आबाळ करू नको. पत्राची वाट पाहते, उशीर केलास तर कान पिळीन.

तुझी आई,
वनमाला


परभणी, मुलींचे वसतिगृह,
१६ डिसेंबर २०२४

ती. आईस,
तेजश्रीचा शि. सा. नमस्कार. वि. वि. तुझं पत्र मिळालं. मॅडमना पिठलं तिखट लागलं होतं, पण त्यांनी दोनदा घेतलं, तेव्हा तूच काय ते समज.

आई, काल सगळ्या विभागासमोर माझं सादरीकरण झालं आणि मॅडमनी पाठ थोपटली! तू पाहिलंच आहेस, आम्ही साठही जणींना विचारत होतो की काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लं. वाट्या पुढं ठेवून, किती खाल्लं ते मोजून फॉर्मवर लिहायचं, मग बोटातला थेंब मशीनवर. साठातल्या एकेचाळीस जणींचं रक्त कमी निघालं. फेब्रुवारीअखेर प्रबंध जमा केला की जूनपासून संभाजीनगरच्या एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून मला घेणार आहेत. दादांना सांग, आता गावभर सांगितलं तरी चालेल.

आणि आता एक गंमत. साठावा फॉर्म तुझा होता ना? शेवटची संध्याकाळ, तू चुलीपुढं, सकाळी आमची गाडी. तुला कशाला उठवायचं म्हणून ओसरीवर बसून मीच भरून टाकला. मला माझं घर माहीत नाही का! दोन भाकरी, वाटीभर डाळ, मेथी, रात्री दूध, रविवार-बुधवार अंडं. पण तुझ्या बोटाचा थेंब घेतला तर मशीननं ६.८ दाखवलं. बाईला निदान बारा लागतं. मी मशीनलाच वेड्यात काढलं. एवढं खाणाऱ्या बाईचं रक्त सातच्या खाली कसं जाईल? बॅटरी उतरली असणार. पुन्हा बघायला मशीनची पट्टी शिल्लक नव्हती, म्हणून १२.१ लिहिलं. काल तोच फॉर्म पडद्यावर दाखवला. शिकलेली मुलगी घरात असली की घरातल्या बाईचा आहार कसा सुधारतो, त्याचं उदाहरण म्हणून. टाळ्या पडल्या, आई!

जेवणावर लगेच चहा पिऊ नकोस, लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळत जा. लेकीचं ऐकावं कधीतरी. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
तेजश्री


परभणी,
१२ जानेवारी २०२५

ती. आईस,
नमस्कार लिहितानाही हात मागं येतोय, तरी शि. सा. नमस्कार. वि. वि.

बीडच्या दवाखान्यात चार दिवस तुझ्या उशाशी बसले, पण हे बोलवलं नाही. दादा होते, विमलबाई होत्या, शेजारच्या खाटेवरच्या बाईचे कान इकडंच. कुणी नसतं तरी मला बोलता आलं नसतं. म्हणून लिहिते.

तू कापसात चक्कर येऊन पडलीस, विमलबाईंनी गाडी करून तुला बीडला नेलं, आणि डॉक्टरांनी रक्त तपासलं तर ५.९. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. मी पोचले तेव्हा डॉक्टर विचारत होते की या रोज खातात काय. तू तोंड उघडायच्या आत मीच सुरू झाले. दोन भाकरी, वाटीभर डाळ, मेथी, दूध. पाढे म्हणावेत तसं घडाघडा. ते माझ्याकडं बघत राहिले, आणि तू तोंड भिंतीकडं केलंस. आई, त्याच क्षणी मला कळलं. मशीन नोव्हेंबरातच खरं सांगत होतं. मी ते खोडून माझ्या मनचं लिहिलं आणि वर टाळ्या घेतल्या.

तरन्नुम भेटायला आली होती ना, तिच्या अब्बांच्या गाड्यावरची डाळिंबं घेऊन? परत येताना आम्ही एकाच बसमध्ये होतो. माजलगाव गेल्यावर ती हळूच म्हणाली की त्या पंधरा दिवसांत तिनं तुला एकदाही जेवताना पाहिलं नाही, मी पाहिलं का. मी परभणी येईपर्यंत आठवत बसले. भाकरी थापताना आठवलीस, वाढताना आठवलीस, आमची ताटं उचलताना आठवलीस. जेवताना नाही. आम्ही दिवसभर घरोघरी विचारत फिरलो की घरात शेवटी कोण जेवतं, आणि संध्याकाळी येऊन तुझ्या हातचं गरम गरम खाऊन आडव्या झालो. तरन्नुम म्हणते, तिलाही लाज वाटते, तिनं धपाटे कधी मोजले नाहीत. मी तिला म्हटलं, तू पाहुणी होतीस. मी कोण होते?

सहा वर्षं हेच शिकतेय मी. लाज वाटते, आई. आरशात बघायचीसुद्धा लाज वाटते. मी मॅडमना सगळं सांगणार आहे. प्रबंध नापास झाला तर होऊ दे. तुझ्यापाशी माफी मागायला तोंड नाही, पण गोळ्या वेळेवर घे.

तुझी,
तेजश्री


तेलगाव,
२० जानेवारी २०२५

चि. तेजश्री हिस,
आईचे आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र वाचून मला रडू आलं अन् तुझा रागही आला. वेडे, तू कशापायी लाजतीस? लाजायचं ते मी.

आता उठते, बसते, चालते. विमलबाई रोज गोळी घ्यायला लावतात, समोर उभ्या राहून. तुझ्या दादांनी नारायणगडाला नारळ बोललाय, चार पावलं नीट चालायला लागले की जाऊन येऊ.

पोरी, मी उपाशी राहते असं न्हाई गं. भूकच लागत न्हाई म्हण. मी सोळा-सतरा वर्षांची ह्या घरात आले, तवा सासूबाईंनी सांगितलं की आधी गडी, मग लेकरं, मग म्हातारी माणसं, अन् मग आपण. राहिलं तर खायचं, न्हाई राहिलं तर मिरची कुटायला कितीसा वेळ लागतो? तुमी पोरी आल्या तवा तर मला लई हौस. मॅडमसारखी बाई आपल्या घरी जेवती, मग पातेलं रिकामं झालं तर त्यात दुःख कसलं? मी ते भाकरीच्या तुकड्यानं पुसून घ्यायची. तू मला फॉर्म विचारला असतास ना, तरी मी तेच सांगितलं असतं, जे तू लिहिलंस. मॅडमपुढं लेकीची मान खाली घालू का?

म्हणून हात जोडून सांगते, मॅडमला काही बोलू नको. एक तर तुझं वर्ष जाईल, हातची नोकरी जाईल. अन् दुसरं, हे कागदावर आलं तर गाव काय म्हणंल? दारात दोन म्हशी, चार एकर ऊस, अन् रामकिसनची बायको रक्त कमी होऊन पडली. तुझ्या दादांनी मला कधी काही कमी केलं न्हाई. त्यांची मान खाली जाईल. झालं ते झालं, झाकली मूठ राहू दे. आईचं एवढं ऐक.

तुझी आई,
वनमाला


परभणी,
३ फेब्रुवारी २०२५

ती. आईस,
शि. सा. नमस्कार. वि. वि. तुझं ऐकलं नाही. परवा मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं, ६.८ सकट.

मला वाटलं होतं, ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या चष्मा काढून म्हणाल्या की त्याही दोन दिवस त्याच घरात जेवल्या होत्या. त्यांनीही विचारलं नव्हतं.

मग कामाचं बोलल्या. आकडा बदलणं ही चोरी आहे, असं स्पष्ट सांगितलं. तसं विभागाला लेखी द्यायचं, तो अर्ज मी काल दिला. आणि तुझ्या पत्रातलं मी त्यांना सांगितलं, की विचारलं असतं तरी तू चांगलंचुंगलंच सांगितलं असतंस. तेव्हा त्या म्हणाल्या, मग बाकीच्या एकोणसाठ जणींनी तरी खरं कशावरून सांगितलं? समोर परगावच्या मॅडम, हातात वही, घरात सासू. म्हणून सगळं पुन्हा करायचं. एकेका बाईला एकटीला गाठून, तिच्या जेवणाच्या वेळी जाऊन. प्रबंध सहा महिने पुढं गेला. दवाखान्यानं कळवलं की जूनची जागा दुसरीला देतील. मी रडले, खोटं कशाला सांगू. पण त्या रात्री खूप दिवसांनी झोप लागली.

आता एक मागते. मार्चमध्ये मी येईन, पण त्याआधी तूच तुझ्या हातानं लिहून पाठव. कालच्या दिवसात तू काय खाल्लंस, फक्त तू. घराचं नको. गावाला काय वाटेल ते वाटू दे, तुझं नाव कुठं छापणार नाहीत. माझ्यासाठी एवढं खरं लिही. रागावली असशील तरी लिही.

तुझी,
तेजश्री


तेलगाव,
१० फेब्रुवारी २०२५

चि. तेजश्री हिस,
आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. ऐकलं न्हाईसच. बापावर गेलीस. नोकरीचं वाचून जीव लई हळहळला, दोन दिवस घास गोड लागला न्हाई. पण आता बोलून काय उपयोग? तुला दुसरी मिळंल, माझं मन सांगतं.

तू मागितलंस म्हणून लिहिते. काल सकाळी दुधाचा चहा, संग अर्धी भाकर. दुपारी दीड भाकर, वाटीभर पालक घातलेली डाळ, कांदा, अन् लिंबूही पिळलं बरं का. चार वाजता मूठभर शेंगदाणे अन् गूळ. रात्री एक भाकर, वांग्याचं भरीत, एक उकडलेलं अंडं. झोपताना पेलाभर दूध. गोळी घेतली. हे सगळं खरं हाय. लेकराची शपथ घेऊ नये म्हणतात, म्हणून घेत न्हाई.

तर आता काळजी सोड अन् आभ्यासाला लाग. येताना तरन्नुमला आण, तिला म्हणावं, यंदा धपाटे मोजून वाढीन.

तुझी आई,
वनमाला


त्याच पाकिटात,
११ फेब्रुवारी

चि. तेजश्रीस,
रामकिसनचा आशीर्वाद. मला पत्र लिहायची सवय न्हाई, समजून घे.

आईनं पाकीट पोस्टात टाकायला दिलं, ते मी फोडून वाचलं. ही एक चूक झाली. पण त्यातलं अंडं तिनं खाल्लेलं न्हाई. ते माझ्या ताटात व्हतं. पेलाभर दूध बी मीच पेलो. शेंगदाण्याचं मला म्हाईत न्हाई.

आज दुपारी जेवण झाल्यावर मी उठलो न्हाई, तिथंच बसलो. ती म्हणली की उसाला पाणी सोडायचंय, जा. मी म्हणलो, जाईन, तू जेव आधी. तिनं लई टाळलं, भांडी घासाय घेतली, म्हशीला कडबा टाकून आली. शेवटी माझ्याकडं पाठ करून बसली अन् खाल्लं. एक भाकर, ठेचा, अन् डाळीचं पातेलं पुसून घेतलं. मी पोटभर डाळ खाऊन बसलो व्हतो. लगीन होऊन सव्वीस वर्सं झाली पोरी, तिला जेवताना मी आज पाह्यली. मला तिथं बसवंना अन् उठवंना.

तुझी आधीची पत्रं बी काढून वाचली. तुला वाटतं चूक तुझी, तिला वाटतं तिची. तू तर शिकायला परगावी गेलती. मी रोज घरातच व्हतो.

तुझ्या मॅडमला माझं एक सांग. फॉर्म घेऊन नुसतं बायांना विचारू नका, त्या सांगायच्या न्हाईत. गड्यांना विचारा, काल तुमच्या बायकोनं काय खाल्लं. मार्चात येशील तवा पहिला फॉर्म माझा भर. मला सांगता येणार न्हाई. तेवढी जागा कोरी ठेव, खाली सही मी करीन.

लोभ मागायला तोंड न्हाई, तरी असू दे.

तुझे दादा,
रामकिसन