एकमताने

गुरुवार, संध्याकाळ. आर्वी.

आज वाचनालयाच्या बैठकीत, सुरू असलेल्या युद्धाबद्दल सरकारच्या अभिनंदनाचा ठराव झाला. चिटणीस म्हणून तो मी घरूनच वहीत लिहून नेला होता. शेवटी, सवयीने, 'एकमताने मंजूर' हेही.

भोयर गुरुजी एकटेच विरोधात बोलले. "जवानांचं अभिनंदन करा, पयला हात माहा. पन सरकारचं काऊन? लढाई सुरू आहे म्हणून काही विचारायचंच नाई का?"

"गुरुजी, तुमी इकडचे का तिकडचे?" अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. का हसले?

"मी तं आर्वीचाच आहो, भाऊ."

मग सह्यांसाठी वही फिरली. गुरुजींनी 'एकमताने'वर बोट ठेवलं. "ताई, मी बैठकीत होतो न?" सही न करताच ते उठून गेले.

आत्ता तो शब्द खोडून 'बहुमताने, विरोधात एक' असं लिहिलं. तरी चैन नाही. गुरुजी बोलत होते तेव्हा मला त्यांचंच पटत होतं, आणि हात मी ठरावाच्या बाजूने वर केला.

नोंद आता बरोबर आहे. विरोधात एकच. दुसरी मी होते, आणि मी हसत होते.