थॉर्नली साहेबांनी दिलेल्या घराविषयी

मी लिनो सालू डिमेलो, वय अदमासे एकोणपन्नास, धंदा स्वयंपाकी, राहणार ठाणे, देवाला स्मरून आणि डोके ठिकाणावर असताना माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो.

गेल्या सोमवारी सकाळी चर्चमधली मिस्सा आटोपून मी इंग्रजांच्या कबरस्तानात गेलो आणि थॉर्नली साहेब व त्यांचा मुलगा यांच्या कबरींना चुना दिला. साहेब विलायतेच्या पार्लमेंटात म्हातारपणापर्यंत सभासद होते. मुलगा इकडे रेल्वेच्या पुलावर काम करताना तापाने गेला. पुढे निवडणूक हरल्यावर साहेब त्याच्या कबरीजवळ राहायला आले. मी त्यांचा स्वयंपाकी. मरताना त्यांनी बंगल्यामागचे कौलारू घर माझ्या नावे केले.

चुना देत होतो तिथेच माझा धाकटा भाऊ गिल्बर्ट आला. म्हणाला, "दादूस, घर पोरीला देतस म्हनं? विधवा पोर. उद्या दुसरं लगीन करल, नि घर जाल परक्याच्या हातान. सगला गाव माझे बाजून हाय."

मी म्हटले, "मग गावाला सांग, एक कुंचला घेऊन ये."

"हस तू. तुझा सायब पन असाच. सगल्यांच्या उलटा गेला नि घरी बसला."

ते खरे आहे. पार्लमेंटच्या सभेत मत देताना हात वर करत नाहीत. हो म्हणणारे एका दाराने जातात, नाही म्हणणारे दुसऱ्याने. साहेब सारी वर्षे आपल्या पक्षामागून गेले. शेवटी, लग्न झालेल्या बाईची कमाई तिचीच राहावी असा कायदा आला, तेव्हा पक्ष नाहीकडे निघाला आणि साहेब होकडे. पुढच्या निवडणुकीत पडले. एकदा वाढताना मी विचारले, "पस्तावलात का, साहेब?" म्हणाले, "इतकी वर्षे दुसऱ्यांच्या पाठी बघत चाललो, त्याचा पस्तावा आहे. भात वाढ."

माझी तांब्याची भांडी व मयत बायको आयरीन हिची कर्णफुले मुलगी ॲडेलिन हिची. दोन्ही कबरींना दरसाल चुना तिनेच द्यावा. प्रोटेस्टंटासाठी मिस्सा होत नाही असे पाद्री म्हणतात. मी गेल्यावर माझ्यासाठी होईल त्या मिस्सेत साहेबांचे नाव मनातल्या मनात घ्यावे, देवाला ऐकू जाईल.

गिल्बर्टला साहेबांचा सभेचा काळा कोट. त्याची त्याने फार चेष्टा केली आहे, थंडीत घालून पाहावा. माझा राग नाही. मात्र आयरीनच्या मयतीला जेवण कमी पडले असे तो चारचौघांत बोलला, ते विसरलेलो नाही.

धोंडीबा माळ्याला काही लिहिलेले नाही, कारण तो या कागदाचा साक्षीदार, आणि साक्षीदाराला त्यातले काही घेता येत नाही असे कारकून त्र्यंबकराव सांगतात. म्हणून साहेबांची छत्री त्याला कालच दिली.

घर मी मेल्यावर द्यावे तर गिल्बर्ट कज्जा करील आणि ॲडेलिन एकटी पडेल. म्हणून ते या कागदात नाही. मंगळवारी कचेरीत जाऊन बक्षीसपत्राने तिच्या नावे केले, आणि गिल्बर्टला मीच जाऊन सांगितले. तो उठून आत गेला. ॲडेलिन काल कल्याणहून मुलांसह राहायला आली. मागची खोली मला मिळेल का, असे मी तिला विचारले.

ती म्हणाली, "राहा बाबा. भाडं स्वयंपाकात फेडा."

ठाणे, ता. २१ नोव्हेंबर १८८९
सही : लिनो सालू डिमेलो
समक्ष साक्षीदार :
धोंडीबा राघोजी भोईर, माळी (अंगठा)
त्र्यंबक बाळाजी गुप्ते, कारकून (सही)